मेंदी आणि तपकिरी

धैर्यशील मालकानं कोरं कापड सोडून रंगीत धरलं, आणि तिथून प्रसेनजीतचं बिनसलं.

तोवर दोन वर्षं त्यानं इचलकरंजीशेजारच्या कबनूरमधल्या त्या यंत्रमाग कारखान्यात चार माग सांभाळले होते आणि कुणाची तक्रार नव्हती. एकोणीस वर्षांचा पोरगा, हात चपळ. तुटलेला धागा डोळ्यांना दिसायच्या आधी त्याच्या बोटांना सापडायचा. पण दोन हजार एकच्या जानेवारीत कोऱ्या, बिनरंगाच्या कापडाचा उठाव गेला. गल्लोगल्ली माग थंड पडले. मालकानं कुठून तरी रंगीत सुताच्या साड्यांचं काम आणलं आणि बारा मागांवर चढवलं. त्यातले चार प्रसेनजीतचे. दोनांवर मेंदी रंगाचं सूत, दोनांवर तपकिरी.

त्याच शेडमध्ये खिडकीपाशी त्याची आई बायडाबाई कांडी मशीनवर बसायची. मोठ्या कोनावरचं सूत लाकडी कांडीवर भरायचं आणि भरलेल्या कांड्या क्रेटात टाकायच्या. विणकर त्या धोट्यात घालून मागाला लावायचा. अकरा वर्षं तिनं हेच केलं होतं. पहिल्यापासूनच आणखी एक काम तिच्या गळ्यात पडलं होतं; कोऱ्या सुतातही छटेचा फरक असतोच, रंगीत काम आल्यावर तर ते वाढलंच. नवं सूत आलं की ती एकेक कोन खिडकीच्या उजेडात धरायची आणि रंगात केसाएवढा फरक असला तरी तो कोन बाजूला काढायची. व्यापारी आला की मालक सांगायचा, "आमच्या बायडाबाईच्या डोळ्यातनं काय सुटत न्हाय." ह्या कामाचं वेगळं काही मिळत नव्हतं. तिनंही कधी मागितलं नव्हतं. शेजारच्या मशीनवर तिची पोरगी अक्षता बसायची. दहावी झाली आणि बापानं शाळा पुरे म्हटलं, तेव्हापासून.

रंगीत काम लागल्यावर प्रसेनजीतनं मनाशी एक खूण धरली होती. डावीकडचं क्रेट मेंदीचं, उजवीकडचं तपकिरीचं. तेवढ्यावर त्याचे तीन आठवडे निभले.

मग एका गुरुवारी सकाळी मुकादम गुंडूनं मागांना तेल घालताना प्रसेनजीतच्या मागांमधली क्रेटं हलवली आणि परत ठेवताना ती उलटी ठेवली.

दुपारी एकला लाईट गेली. बावीस माग एकदम थांबले आणि कानात दडे बसल्यासारखी शांतता झाली. लोक घाम पुसत दाराकडं निघाले. गुंडू बिडी शोधत मागांमधून चालला होता, तो प्रसेनजीतच्या सात नंबरच्या मागापाशी थांबला. मागावरचं कापड त्यानं हातानं ओढून बघितलं. आणखी ओढलं.

"मालक! वो मालक! हिकडं या पळत!"

वीस वाराच्या वर कापड गेलं होतं. मेंदी रंगाच्या साडीत तपकिरी पट्टा, सलग. शेजारच्या मागावर त्याचं उलटं.

गुंडूनं प्रसेनजीतच्या कानफटात लावली. "डोळं हायत का भोकं, लेका? पिऊन आलाईस?"

"न्हाय पिलो."

"मग हे काय हाय? कंचा रंग हाय हा?"

प्रसेनजीत कापडाकडं बघत राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता. "मेंदी," तो म्हणाला.

गुंडूनं परत मारली. तेवढ्यात मालक आला. धैर्यशील मालक तसा शांत माणूस, स्वच्छ पांढरा शर्ट घालणारा. त्यानं कापड बघितलं, शेजारचा धोटा उचलला आणि त्या लाकडी धोट्यानं प्रसेनजीतच्या पाठीवर, खांद्याखाली, तीनदा हाणलं. धोट्याच्या टोकाला लोखंड असतं. तिसऱ्याला पोरगा खाली बसला.

"मुद्दाम केलंस तू. परवा सुट्टी दिली न्हाय त्याचा राग काढलास. तुमच्या लोकांच्या रक्तातच हाय रं ही नासधूस. जरा वर घेतलं की झालं."

माग बंद होते. शेडमधल्या प्रत्येकानं शब्द न् शब्द ऐकला. त्यांच्या वस्तीतले आणखी तिघे तिथं कामाला होते. त्यांनी माना खाली घातल्या.

बायडाबाई उठून मध्ये आली. "मालक, पोराला मारू नगा. काय चुकलं आसंल तर मी बघत्ये."

"तू तुझ्या कांड्या भर."

"लाईट गेलीया, मालक."

"मग बसून ऱ्हा जाग्यावर!"

आणि बायडाबाई जाऊन बसली. हे तिला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं. पोरगा जमिनीवर बसला होता, आणि ती जाऊन आपल्या जागेवर बसली होती, हात मांडीवर ठेवून.

ते बिघडलेलं कापड मालकानं कापून काढायला लावलं, गुंडाळी प्रसेनजीतच्या दुखऱ्या खांद्यावर टाकली आणि पाळी बदलेपर्यंत त्याला दारात उभं केलं. येणारा-जाणारा विचारत होता. गुंडू सांगत होता.

घरी बाप बाळासो आधीच येऊन बसला होता. तो सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, हमाली करायचा. कंबर गेल्यापासून त्याला निम्मंच काम मिळायचं आणि राग मात्र दुप्पट यायचा. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. प्रसेनजीतनं उंबऱ्यात पाय ठेवला तशी त्यानं पायातली चप्पल काढली.

"माझ्या नावाला काळं फासलंस. वीस वरसं ह्या कबनुरात काम केलंय मी, एका मालकानं बोट दावलं न्हाय."

चपला बसत होत्या, आणि एकोणीस वर्षांचा पोरगा हात वर न करता उभा होता. अक्षता मध्ये पडली तेव्हा एक तिलाही बसली. मग बाळासो दमला, कंबर धरून शिव्या देत बाहेर गेला.

बायडाबाईनं तेल गरम केलं आणि पोराचा शर्ट वर केला. धोट्याच्या टोकानं तीन ठिकाणी कातडं फाटलं होतं.

"खरं सांग," ती म्हणाली. "मुद्दाम केलंस?"

"न्हाय, आई."

"मग?"

तेलाचा हात फिरत राहिला.

"ते दोन्ही मला एकच दिसतंय," तो म्हणाला.

बायडाबाईचा हात थांबला. तिनं कोपऱ्यातलं गाठोडं ओढलं. पायपुसण्यासाठी कारखान्यातून आणलेलं वाया सूत त्यात होतं. मेंदी, तपकिरी, लाल, निळं, पिवळं, काळपट हिरवं, सगळं गुंतलेलं. तिनं ते त्याच्यापुढं टाकलं. "येगळं कर."

प्रसेनजीत सुताची गुंतवळ सोडवायला लागला. निळं पटकन बाजूला काढलं, पिवळंही. पुढं त्याचा हात अडायला लागला. एक धागा उचलायचा, उजेडाकडं धरायचा, दोन बोटांत चोळायचा आणि अंदाजानं टाकायचा. मेंदीच्या ढिगात तपकिरी गेलं. लालाच्या ढिगात काळपट हिरवं गेलं. पोराच्या नाकावरून घाम गळत होता. परीक्षेला बसल्यासारखा तो सूत वेगळं करत होता आणि समोर बसलेली आई एकेक धागा चुकीच्या ढिगात पडताना बघत होती.

"कवापास्नं?"

"पयल्यापास्नंच. मला वाटायचं, सगळ्यांस्नी असंच दिसत असणार. त्यांस्नी नावं पाठ हायत, मला न्हाईत."

बायडाबाईला एकेक आठवायला लागलं. दुसरीत असताना त्यानं तपकिरी पानांचं झाड काढलं होतं आणि मास्तरांनी पट्टी मारली होती. पिकलेले टोमॅटो आण म्हटलं तर हिरवे आणायचा. तेव्हा तिनं स्वतः त्याला उलथन्यानं मारलं होतं, एकदा नव्हे, दोनदा. लक्ष कुठं असतं तुझं, म्हणून.

"आई," अक्षता हळूच म्हणाली, "हे आमच्या दहावीच्या पुस्तकात हुतं. रंगांधळेपणा. आईकडनं पोराला येतंय. दोन मार्काला आलतं."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दवाखान्यात मायलेकांना तीन तास बसावं लागलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी एक पुस्तक उघडलं. त्याच्या प्रत्येक पानावर रंगीत ठिपके होते, आणि ठिपक्यांतच आकडा लपवलेला.

"कितीचा आकडा दिसतोय?"

"बारा."

पान उलटलं. "आणि हा?"

"कायच न्हाय. नुसतं ठिपकं."

पुढची सगळी पानं तशीच गेली. मग त्यांनी पुस्तक बायडाबाईपुढं धरलं. तिची शाळा चौथीपर्यंतच झाली होती, पण तिनं सगळे आकडे न अडखळता सांगितले. डॉक्टरीणबाईंनी पुस्तक मिटलं.

"तुमच्या माहेरी कुणाला असं होतं?"

बायडाबाईचा बाप मरून सोळा वर्षं झाली होती. तो लोकांच्या रानात मजुरीला जायचा. मिरचीच्या तोड्याला तिची आई त्याच्या मागच्याच सरीत असायची आणि दर थोड्या वेळानं त्याच्या पाटीत हात घालून काहीतरी काढून ओच्यात टाकायची. ती का असं करते, हे बायडाबाईनं कधी विचारलं नव्हतं. एका वर्षी आई बाळंतीण होती, म्हणून बाप एकटाच तोड्याला गेला. आठ वर्षांची बायडा त्याची भाकरी घेऊन रानात गेली, तेव्हा रानमालकानं बापाला बांधावर बसवलं होतं. लाल मिरची तोडायला सांगितली होती, आणि पाटीत निम्म्या हिरव्या निघाल्या होत्या. मुद्दाम करतोस म्हणून मालक त्याला त्या हिरव्या मिरच्या खायला लावत होता. एक संपली की दुसरी. बापाच्या नाकातोंडातून पाणी वाहत होतं. बाकीचे मजूर तोडा करत होते. बापानं पोरीकडं बघितलं आणि मान फिरवली. पुढं गावात सगळे म्हणायचे, पिऊन गेला असणार. तिच्या बापानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.

हे सगळं तिनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही. "माझ्या बाला हुतं," एवढंच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन रेघा ओढल्या आणि शेजारी एक. "हे बघा. रंग ओळखायची शक्ती ज्यावरून ठरते, ती गुणसूत्रं बाईकडे दोन असतात. पुरुषाकडे एकच, आणि ते त्याला आईकडून मिळतं. तुमच्या वडिलांकडं एकच होतं आणि त्यात दोष होता. ते तुम्हाला आलं. पण आईकडून तुम्हाला दुसरं, चांगलं आलं. म्हणून तुम्हाला सगळे रंग दिसतात. मुलाला तुमच्या दोनांपैकी एक जाणार होतं. गेलं ते वडिलांकडचं."

"कंचं द्यायचं ते माझ्या हातात हुतं?"

"नाही हो. कुणाच्याच हातात नसतं."

"ह्याच्या बापाकडनं?"

"यात बापाकडून मुलाला काही जात नाही."

"आन् माझी पोरगी?"

"तिच्याकडं ते असण्याची निम्मी शक्यता. असलं तरी तिला रंग दिसतील. पुढं तिच्या मुलग्याला होऊ शकतं. यावर औषध नाही, पण हा आजारही नाही. शंभर पुरुषांत चार-पाच जण असे निघतात. कितीतरी जणांना जन्मभर कळतही नाही."

"मार खाणाऱ्यास्नी कळतंय," बायडाबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहायला घेतली.

"मराठीत लिवा, बाई. सगळ्यांस्नी वाचता येईल आसं लिवा."

परतीच्या एसटीत प्रसेनजीत खिडकीशी बसला होता. पंचगंगेचा पूल मागं गेला, ऊस लागला. तो एकदम म्हणाला, "म्हंजे मी येडा न्हाय."

"न्हाईस."

"आन् मुद्दाम बी करत न्हाय."

"न्हाईस रं बाळा."

तो तोंड फिरवून रडायला लागला, आणि बायडाबाईनं पदराच्या आत मूठ आवळली. कुणाकुणावर राग धरावा हे तिला कळत नव्हतं. मास्तर, मुकादम, मालक, नवरा, तो रानमालक. आणि ती स्वतः, उलथनं घेऊन उभी असलेली.

बाळासोनं चिठ्ठी अक्षताकडून वाचून घेतली आणि त्याचं तोंड उजळलं.

"म्हंजे माझ्याकडनं न्हाय. बघ! मी म्हणतच हुतो. आमच्या घराण्यात असलं कायबी न्हाय. तुझ्या बापाचा रोग माझ्या घरात आणलास."

"रोग न्हाय म्हणाल्यात डॉक्टरीणबाई."

"गप! ती चिठ्ठी चुलीत घाल. पोरीचं लगीन व्हायचंय. बाहेर कळलं तर दारात कोण पावणं येणार न्हाईत."

"चिठ्ठी मी मालकाला दावणार हाय."

"बायडे, सांगून ठेवतो..."

"दावणार हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी ती पोराला घेऊन मालकापुढं उभी राहिली. कामगार जमले होते. तिला वाटलं होतं, मालक वाचेल आणि गप्प बसेल. फार झालं तर म्हणेल, बरं, पोराला कोऱ्या मागावर घालतो. एवढंच तिला हवं होतं.

मालकानं चिठ्ठी वाचली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं वाचली. "'जन्मजात, आनुवंशिक.' आनुवंशिक म्हंजे काय रं, गुंडू? रक्तातनं आल्यालं. आन् मी काय म्हणालतो? डॉक्टरनं बी तेच लिवलंय!"

दोघे-तिघे हसले.

"डोळ्यातलं हाय, मालक," बायडाबाई म्हणाली. "स्वभावातलं न्हाय. त्यानं मुद्दाम केलं न्हाय एवढंच सांगायला आलीया."

"कुणाकडनं आलं हे?"

"माझ्याकडनं."

"म्हंजे तुझ्यात बी हाय." मालकाचा आवाज चढला. "आन् तू माझं सूत बघालीयास? खोट लपवून? पोरगी बी तुझीच. तिच्यात बी असणार."

"बाईला दिसतंय, मालक. माझ्या डोळ्यातनं काय सुटत न्हाय, हे तुमीच सांगता की."

"मला काय म्हाईत न्हाय, तू काय बघतीस आन् काय न्हाय."

बायडाबाईनं जवळचं क्रेट उचललं आणि त्यातल्या कांड्या फरशीवर उलट्या केल्या. शेजारचं क्रेटही ओतलं, त्याच्या शेजारचंही. कांड्या घरंगळत मालकाच्या पायापर्यंत गेल्या. ती खाली बसली. तिचे हात भराभर चालायला लागले. मेंदी इकडं, तपकिरी तिकडं, लाल, किरमिजी, काळपट हिरवं. शंभराच्या वर कांड्या तिनं लावल्या, आणि मेंदीच्या ढिगातून दोन कांड्या पुन्हा बाजूला काढल्या.

"ह्या दोन मागच्या पोत्यातल्या हायत. मी परवा काढून ठेवल्यात्या. गुंडूनं परत मिसळल्या. बघा उजेडाला धरून."

गुंडूनं त्या उजेडाला धरल्या. उलटसुलट केल्या. "मला तर एकच दिसालंय," तो पुटपुटला आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन गप्प झाला.

मालकाचं तोंड लाल झालं होतं. ती खरं बोलतेय हे त्याला कळलं होतं. कामगारांसमोर कळलं होतं, आणि नेमकं तेच त्याला सोसत नव्हतं.

"माझ्या मालाची फेकाफेक करतीस? उद्यापास्नं तिघंबी येऊ नगा. मला खोटीच्या रक्ताची माणसं नगोत."

अक्षता मशीनवरून उठली. वस्तीतले तिघे आपापल्या मागापाशी उभे राहिले. त्यांच्यातल्या एकानं पाऊल उचललं होतं, पण मग तोही थांबला. बायडाबाईनं त्यांच्याकडं बघितलं नाही. दाराकडं जाताना नव्या किरमिजी सुताची दोन पोती फोडलेली तिला दिसली. दुसरी कांडीवाली चिमणाबाई त्यांतलं सूत भरायला बसली होती. दोन्ही पोत्यांचा रंग एक नव्हता. एक जरा जांभळ्याकडं झुकत होता. अकरा वर्षांच्या सवयीनं तिचं तोंड उघडलं. तिनं ते मिटलं आणि ती बाहेर पडली.

त्यानंतर बारा दिवस त्या तिघांना काम नव्हतं. फेब्रुवारीचं ऊन पत्र्यावर तापायचं. बाळासो रोज बोलायचा. जेवताना बोलायचा, बाहेर निघताना बोलायचा. तुझ्या तोंडानं तिघांची भाकरी घालवलीस. तुझ्या बापानं मिरच्या खाल्ल्या आन् आमी धोंडं खातोय. मिरच्यांची गोष्ट तिनंच त्याला कधीतरी विश्वासानं सांगितली होती. आता ती त्याच्या तोंडून ऐकताना तिला अंगावर थुंकल्यासारखं वाटायचं.

तेराव्या दिवशी दुपारी गुंडूची मोटारसायकल दारात थांबली. तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेरच उकिडवा बसला.

"बायडाक्का, किरमिजीचा सगळा माल परत आला. साडीत मधनंच पट्टा पडलाय. यापाऱ्यानं शिव्या घातल्या. मालक म्हणाल्यात, बायडाबाईला बलवून आण. पोरगीला बी. रोज वाढवून देतो म्हणाल्यात."

"आन् प्रसेनजीत?"

"त्याचं काय बोलले न्हाईत."

बाळासो आतून ओरडला, "जा म्हणावं! उद्या सकाळीच येतीया म्हणून सांग, गुंडू."

"मालकास्नी सांग," बायडाबाई म्हणाली, "जिथं पोराला मारलं तिथं उभं ऱ्हावा, माग बंद करा आन् म्हणा, माझं चुकलं. सगळ्यांनी ऐकलं पायजे. मग येतो तिघं."

गुंडूनं तिच्याकडं बघितलं. "आक्का, मालक असं करंल व्हय?"

"न्हाय करणार. म्हणून तर सांगत्ये."

गुंडूची गाडी गल्लीबाहेर जायच्या आत बाळासो उठला होता. कंबरेवर एक हात, दुसरा हात वर. "तुझ्या मस्तीनं घर बुडवतीस! बाप तसा, लेक तशी, पोरगं तसं. सगळी बिघडल्याली अवलाद!"

हात खाली यायच्या आत प्रसेनजीत मध्ये आला. त्यानं बापाला धरलं नाही. नुसता आईच्या पुढं उभा राहिला, नेहमीसारखाच हात खाली सोडून, मार घ्यायला. ते बघून बायडाबाईच्या मनातली उरलीसुरली भीड तुटली. तिनं पोराला बाजूला सारलं.

"मारा," ती म्हणाली. "मारा, पण आधी मला सांगा. तुमचा बा सासूबाईंस्नी वैरणीच्या दोरीनं मारायचा. तुमीच सांगितलंसा मला, लगीन झाल्यावर, रडत. मी आसं कधी करणार न्हाय म्हणालतासा. हे कुणाच्या रक्तातनं आलं? डॉक्टरीणबाईला इचारू का? ह्याला बी रेघ काढून दावतील त्या?"

बाळासोचा हात वरच राहिला.

"माझ्या बाला रंग दिसत नव्हतं. त्यानं कुणाला दुखवलं न्हाय. तुमच्या हाताला सगळं दिसतंय आन् तरी त्यो चालतोय." ती प्रसेनजीतकडं वळली. तिचा आवाज गल्लीपर्यंत जात होता आणि शेजारची बाळाबाई दारात येऊन उभी राहिली होती. "तू ऐक. डोळं माझ्या बाचं घेतलंस, घे. त्यात लाज न्हाय. पण हात ह्यांचा घेऊ नगंस. माझा बी घेऊ नगंस. मी बी मारलंय तुला. टोमॅटोसाठी मारलंय."

"आई, जाऊ दे."

"न्हाय जाऊ द्यायचं!"

बाळासोनं हात खाली घेतला. तो कुणाकडं न बघता बाहेर गेला, आणि अंधार पडेपर्यंत आला नाही. आला तेव्हा भिंतीकडं तोंड करून निजला. त्या दिवसानंतर तो सुधारला असं काही झालं नाही. तो बोलायचा थांबला नाही. पण पोरावर पुन्हा चप्पल उचलली नाही.

मालकाचा निरोप परत आला नाही.

पुढच्या सोमवारी बायडाबाई दोघा पोरांना घेऊन इचलकरंजीच्या पलीकडच्या एका कारखान्यावर गेली. पायी पाऊण तास. दारात टेबल टाकून दिवाणजी बसला होता. दोन कामगार चहा पीत उभे होते.

"काय काम येतंय?" दिवाणजीनं प्रसेनजीतला विचारलं.

बायडाबाईनं बोलायला तोंड उघडलं, पण पोरगा आधी बोलला. "चार माग चालवतो. पण मला रंग कळत न्हाईत. जन्मापास्नं. कोऱ्या कापडावर घ्या, रंगीतावर घालू नगा."

दिवाणजी हसला. "मग लेका, गाडी सिग्नलला कशी थांबवतोस?"

"वरचा लागला की थांबायचं. खालचा लागला की निघायचं."

चहा पिणारे मोठ्यानं हसले. प्रसेनजीत हसला नाही, मानही खाली घातली नाही. तो तसाच बघत उभा राहिला आणि हसू आपोआप विरलं.

"कोऱ्याचं दोनच माग रिकामं हायत," दिवाणजी म्हणाला.

"चालतंय."

प्रसेनजीत आत गेला. दिवाणजी बायडाबाईकडं वळला. "तुमी?"

"आमी दोघी कांडी भरतो. मी रंग बी बघत्ये. अकरा वरसं बघितल्यात."

"हितं रंगाला बाई पायजेच हाय. बसा आजपास्नं. नव्या बाईचा दर मिळंल."

"कांडीला नव्या बाईचा दर द्या. रंग बघायचं येगळं द्यायला लागंल."

"येगळं? बाई, कांडीवालीला रंगाचं येगळं कोण देतंय?"

"कोण देत न्हाय. म्हणून अकरा वरसं फुकट बघितलं," बायडाबाई म्हणाली. "आता न्हाय. मालकास्नी इचारून या. मी हितंच उभी हाय."

दिवाणजी कुरकुरत आत गेला. ऊन वर आलं होतं. अक्षतानं आईच्या पदराला हळूच ओढलं, "आई, हे बी काम जाईल," म्हणून. बायडाबाई हलली नाही. आतून दोन माग एकामागं एक सुरू झाल्याचा आवाज आला. ते कुणाचे हे तिला कळलं.

बऱ्याच वेळानं दिवाणजी बाहेर आला.

"मालक व्हय म्हणाल्यात," तो म्हणाला. "पण बाई, हितं जरा आवाज कमी ठेवा."

"माझा आवाज असाच हाय," बायडाबाई म्हणाली, आणि पोरीला पुढं घालून आत शिरली.